लंगडणारा घोडा: पुढे न्यायचा, हळूहळू चालवायचा, की जागीच थांबवायचा?

घोडा लंगडतोय हे स्वाराला डोळ्यांआधी बुडाला कळतं. दुडकी चालीत पुढचा एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा एक अशी पायांची जोडी एकदम टेकते, आणि स्वार एका जोडीला बसतो, दुसरीला उठतो. बसायची जोडी बदलून पाहा. एकीवर सुरळीत आणि दुसरीवर फेकल्यासारखं वाटलं, तर ताबडतोब उतरा. ‘पुढचा थांबा दोनच किलोमीटरवर आहे’ या हिशेबापायी किरकोळ दुखापतीची मोठी होते.

आता सोबत्याला कडक, सपाट जमिनीवर घोडा तीस-चाळीस मीटर दुडकीने नेऊन परत आणायला सांगा. लगाम सैल हवा, नाहीतर मानेची हालचालच दिसत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. नवखे नेमके उलटं समजतात. घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. डोकं-मान उचलली की दुखऱ्या पायावरचा भार क्षणभर हलका होतो. मागच्या पायासाठी पाठीमागून दोन्ही पुठ्ठे पाहा. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो.

सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावापर्यंत २४ तासांत १६० किलोमीटर जायची टेविस कप ही शर्यत १९५५ साली सुरू झाली. तिथे वाटेतल्या थांब्यांवर पशुवैद्य अशीच दुडकी बघतात. साधारण निम्मेच घोडे शर्यत पुरी करतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोडे बाद होण्याचं सर्वांत मोठं कारण लंगडणंच.

पाय कोणता ते कळलं की आधी खूर उचला. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो. नाल आणि खुराच्या तळव्यातला व्ही आकाराचा रबरी भाग यांच्यामध्ये खडा अडकलेला असतो. आकडीने तो टाचेकडून पुढच्या दिशेने काढा आणि पुन्हा दुडकी पाहा. घोडा सरळ चालला तर पुढे जायला हरकत नाही, मात्र तळवा ठेचला असेल तर तासाभराने पुन्हा लंगडेल, तेव्हा लक्ष ठेवा. नाल सरकून वाकडी झाली असेल तर ती पुरती काढावीच लागते: खुराच्या भिंतीवर वळवलेली खिळ्यांची टोकं कानशीने घासायची, मग पकडीने टाचेकडून थोडी थोडी सैल करायची. एका हिसक्यात ओढली तर भिंतीचा तुकडा निघून येतो आणि नवी नाल ठोकायला जागा उरत नाही. उघड्या खुराला रबरी बूट चढवा.

खिळा रुतला असेल आणि पशुवैद्य लवकर पोचणार असेल तर तो उपसू नका. एक्स-रेमध्ये तो कुठवर गेलाय ते दिसतं. चालताना आणखी आत जाण्याची भीती असेल तरच काढा, पण आधी जागा, खोली आणि दिशा दिसेल असा फोटो घ्या. तळव्याच्या मधल्या एक-तृतीयांश भागातला खिळा सांध्यापर्यंत पोचू शकतो. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यामुळे लशीची चौकशी तेव्हाच करा.

खुरात काही नसेल तर गुडघ्याखालची मागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, चाचपा. धावून आल्यावर सगळेच पाय गरम असतात, म्हणून डावा-उजवा ताडून पाहा: एकीकडे जास्त ऊब, सूज, दाबल्यावर पाय झटकन मागे घेणं. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायूच नसतात. सगळा ताण कंडरांवर येतो आणि चौखूर धावताना या कंडरेचा गाभा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. स्नायू थकले की घोट्याचा सांधा जास्त खाली दबतो आणि कंडरेतले तंतू तुटू लागतात. अशा घोड्यावर पुन्हा बसायचं नाही. ओढ्याच्या थंड पाण्यात पाय २० मिनिटं ठेवा, मग गाडीपर्यंत पायी, सावकाश. तुटलेल्या तंतूंच्या जागी कडक व्रण तयार होतो. घोडा पुन्हा कामावर यायला बहुधा नऊ ते बारा महिने जातात.

तिसरा प्रकार लंगडण्यासारखा दिसतो, पण पायाचा नसतो. घोडा मागून आखडतो, पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, घाम सुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरलेलं असतं. ‘चालवला की मोकळा होईल’ हा सल्ला इथे घातक, कारण प्रत्येक पावलागणिक आणखी पेशी फुटतात. जिथे आहे तिथेच थांबवा, खोगीर उतरवा, थंडी असेल तर पुठ्ठ्यांवर घोंगडी टाका, पाणी पिऊ द्या आणि पशुवैद्याला तिथे बोलवा.

या तिन्हींत आपल्या मनाने वेदनाशामक देऊ नका. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेल्या घोड्याला फिनिलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलं तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आखडलेल्या घोड्याची मूत्रपिंडं मायोग्लोबिनमुळे आधीच संकटात असतात. शिवाय दुखणं दबलं की घोडा दुखऱ्या पायावर बिनधास्त भार टाकतो. पुढच्या पायाला गंभीर इजा असेल तर गाडीत घोड्याचं तोंड मागच्या बाजूला ठेवा, म्हणजे ब्रेक लागल्यावर वजन मागच्या पायांवर जातं.