डॉल्फिन-कोळंबीच्या मॉडेलची ऑर्डर देण्यापूर्वी

ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सस्तन आणि संधिपाद यांची तुलना दाखवणारी ही जोडी आमच्याकडून सर्वांत जास्त जाते, आणि बदलून मागायला परतही तीच जास्त येते. कारण एकच. ऑर्डरमध्ये नुसतं ‘डॉल्फिन’ लिहिलेलं असतं.

मोबाइलवर शोधलं की समुद्रातला डॉल्फिन दिसतो: आखूड चोच, पाठीवर कोयत्यासारखा वळलेला पर. शाळेत बाईंना मात्र बहुधा गंगेतला सूंस हवा असतो. 2009 साली तो राष्ट्रीय जलचर ठरला, आणि आपल्या चंबळेतही खालच्या अंगाला तो आहे. त्याची चोच लांब नि निमुळती, पाठीवर पराऐवजी बसका उंचवटा, पुढचे पर वल्ह्यासारखे रुंद. डोळे अगदी बारीक, त्यांत भिंगच नाही. गढूळ पाण्यात तो स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो.

थर्मोकोल एकदा कोरलं की पाठीवरचा पर तासून काढता येतो, आखूड चोच लांब करता येत नाही. जोड दिलाच तर रंगाखालूनही दिसतो. मग सगळं पहिल्यापासून, आणि तीन दिवस गेले. म्हणूनच आम्ही कागदावर प्राण्याची जात आणि शिक्षकांची सही मागतो. काही पालकांना हा जाच वाटतो, पण मुलाची चूक प्रदर्शनाच्या दिवशी कळण्यापेक्षा हे बरं.

कोळंबीचीही जात लिहा. समुद्रातली टायगर पट्टेरी असते, तिच्या पायांच्या पुढच्या तीन जोड्यांना छोट्या नांग्या. गोड्या पाण्यातल्या स्कॅम्पीत पायांची दुसरी जोडी लांबलचक, मोठ्या नरात निळी. चालायचे पाय दोघींना दहाच. ते आम्ही तारेचे करतो, त्यामुळे बसमधून नेताना वाकले तरी सरळ करता येतात.

‘कोळंबी एवढी मोठी का?’ असंही विचारतात. सूंस सुमारे अडीच मीटर, स्कॅम्पी फार तर 30 सेंटिमीटरच्या आसपास. सूंस अर्धा मीटरचा केला तर त्याच प्रमाणात कोळंबी 6 सेंटिमीटरची होईल, त्यात पाय काय दिसणार? खरी मापं आम्ही खालच्या पाटीवर लिहून देतो.

मांडताना शेपटी बघा. माशाची उभी असते, या दोघांची आडवी. डॉल्फिन ती वर-खाली हलवत पुढे जातो. कोळंबी घाबरली की पोटाखाली झटक्यात दुमडते आणि मागे उसळते. परीक्षकांनी विचारलं तर मुलाने इथूनच सुरुवात करावी. एकाच्या आत पाठीचा कणा, दुसरीच्या बाहेर कवच, हे मग ओघाने सांगता येतं.

ऑर्डर 10 फेब्रुवारीपर्यंत द्या. जोडीबरोबर दोन्ही प्राण्यांच्या अवयवांच्या चिठ्ठ्या मराठी आणि हिंदीत मिळतील, त्यांचे वेगळे पैसे नाहीत.