फ्रेनेल आणि प्रोफाइल: प्रकाशाची कड कुठे घडते?

रंगमंचावरच्या बारला टांगलेले फ्रेनेल आणि प्रोफाइल हे दोन दिवे खालून पाहिले, तर नवख्या माणसाला ते सारखेच वाटतात. दोन्हींत बल्ब, त्यामागे परावर्तक आणि पुढे भिंग असते, आणि बोलण्यात दोन्हींना ‘स्पॉट’च म्हटले जाते. खरा फरक झोताच्या कडेत आहे, आणि ती कड कुठे घडते हे समजले की बाकीचे आपोआप उलगडते.

फ्रेनेलला ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. जाड बहिर्गोल भिंगाचा वक्रपणा राखून मधली अनावश्यक काच वगळायची आणि तो वक्रपणा समकेंद्री वलयांत उतरवायचा, ही त्याची कल्पना १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात वापरली गेली. रंगमंचावरच्या दिव्यात बल्ब आणि परावर्तक एकत्र सरकतात. ते भिंगाजवळ आणले की झोत पसरतो, मागे नेले की आवळतो. कड मात्र कायम विरत जाणारीच राहते. पुढे लावलेल्या बार्नडोअरच्या चार झडपांनी प्रकाश अडवता येतो, पण रेघ आखल्यासारखा कापता येत नाही.

प्रोफाइलचा परावर्तक लंबवर्तुळाकार असतो. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एकीपाशी बल्ब ठेवला की परावर्तित प्रकाश दुसरीकडे गोळा होतो, आणि तिच्या जवळच ‘गेट’ नावाची खिडकी असते. पुढची भिंगे या गेटचीच प्रतिमा मंचावर पाडतात, म्हणजे प्रोफाइल हा मुळात प्रक्षेपक आहे. म्हणूनच गेटमधले शटर आत सरकवले की झोत सरळ रेषेत कापला जातो, आणि नक्षी कोरलेली धातूची चकती, म्हणजे गोबो, घातली की तिच्यावर कोरलेले, समजा, खिडकीचे गज जमिनीवर उमटतात. प्रतिमा उलटी पडत असल्याने वरचे शटर झोताची खालची कड कापते. शिकाऊ हात सुरुवातीला नेमके इथेच अडखळतात.

प्रेक्षागृहातून मंचाकडे टाकायच्या प्रकाशासाठी मी प्रोफाइलच निवडेन, कारण तिथून फ्रेनेल लावला तर प्रकाश रंगमंचाच्या कमानीवर आणि पुढच्या रांगांवर सांडतो. मंचाच्या डोक्यावर मात्र फ्रेनेलला तोड नाही: मऊ कडांचे झोत एकमेकांत मिसळतात आणि नट एका झोतातून दुसऱ्यात चालत गेला तरी चेहऱ्यावर पट्टे दिसत नाहीत. एकांकिका स्पर्धेत दिवे मोजकेच मिळतात, तेव्हा हाती असलेले दोन-तीन प्रोफाइल नक्षीवर खर्च करू नयेत. दाराची चौकट किंवा एकटे पडलेले पात्र यांसाठी ते राखून ठेवावेत.

पर्यायाची मुभा एकाच बाजूने आहे. प्रोफाइलपुढे फ्रॉस्ट फिल्टर लावून कड मऊ करता येते, पण फ्रेनेलच्या फिल्टरच्या चौकटीत गोबो बसवला तर प्रकाश फक्त मंदावतो, नक्षी उमटत नाही.