त्रिकूट मोडलं तेव्हा: ‘टॉप गिअर’ आणि त्याच्या प्रेक्षकांच्या रागाची पार्श्वभूमी

२० मार्च २०१५. लंडनमध्ये बीबीसीच्या मुख्यालयासमोर एक रणगाडा येऊन थांबला. वर पांढरा रेसिंग सूट आणि काळ्या काचेचं हेल्मेट घातलेला माणूस, आणि सोबत दहा लाखांच्या वर लोकांनी ऑनलाइन सह्या केलेलं निवेदन. मागणी एकच होती, बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या गाड्यांवरच्या कार्यक्रमाचा सादरकर्ता जेरेमी क्लार्कसन याला परत घ्या. चित्रीकरणाच्या मुक्कामात आपल्याच निर्मात्यावर हात उचलल्याबद्दल बीबीसीने त्याला दहा दिवस आधी निलंबित केलं होतं. सहकाऱ्याला मारणाऱ्या माणसासाठी दहा लाख लोक सह्या का करतात? याचं उत्तर शोधायचं तर ‘टॉप गिअर’च्या अगदी सुरुवातीपासून यावं लागतं, कारण सादरकर्ते बदलण्याची या कार्यक्रमाची ती पहिली वेळ नव्हती. आधीही अनेक जण आले नि गेले होते, आणि त्यांच्यासाठी कोणी रणगाडा काढला नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला १९७७ मध्ये, बर्मिंगहॅमच्या पेबल मिल स्टुडिओतून, फक्त इंग्लंडच्या मिडलँड्स भागापुरता. अँजेला रिपन आणि टॉम कॉइन हे पहिले सादरकर्ते. पुढच्याच वर्षी तो बीबीसी टूवर देशभर दिसू लागला. विषय सरळसाधे असत: नवी गाडी कशी आहे, किती ॲव्हरेज देते, रस्ता-सुरक्षेचे नियम काय, वापरलेली गाडी घेताना काय बघायचं. विल्यम वुलार्ड, स्यू बेकर, ख्रिस गॉफी ही त्या काळातली नावं. वुलार्डने जवळपास दहा वर्षं कार्यक्रम सांभाळला आणि १९९१ मध्ये तो बाजूला झाला. प्रेक्षकांनी ते स्वीकारलं, कारण बातम्या सांगणारा बदलला तरी बातम्या त्याच असतात. माणूस माहिती देत होता, आणि माहिती दुसऱ्या कोणाकडूनही चालणार होती.

क्लार्कसन आला १९८८ मध्ये आणि हळूहळू सूर बदलला. गाडीबद्दल माहिती देण्यापेक्षा मत देणं, आणि तेही ठासून, ही त्याची पद्धत. १९९५ मध्ये व्हॉक्सहॉल व्हेक्ट्रा आली तेव्हा या गाडीबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, असाच सूर त्याने त्या सबंध भागात लावला. कंपनी चिडली, प्रेक्षक खूश झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कार्यक्रम साठ लाखांच्या आसपास लोक बघत होते. १९९९ च्या सुरुवातीला क्लार्कसन गेला. क्वेंटिन विल्सन, टिफ नीडेल, विकी बटलर-हेंडरसन ही सगळी जाणकार माणसं, नीडेल तर स्वतः रेसिंग ड्रायव्हर. तरीही आकडा घसरत तीस लाखांच्या खाली आला. २००१ मध्ये बीबीसीने कार्यक्रम बंदच केला. हे तिघं चॅनल फाइव्हवर गेले आणि २००२ मध्ये ‘फिफ्थ गिअर’ सुरू झाला. जुन्या पद्धतीचा ‘टॉप गिअर’ खऱ्या अर्थाने तिथे चालू राहिला, नाव तेवढं बीबीसीकडे उरलं.

सादरकर्ता गेला की प्रेक्षक जातो, हे इथे पहिल्यांदा दिसलं. तेव्हा आरडाओरडा झाला नाही. लोकांनी मुकाट्याने चॅनल बदललं.

आज जगाला जो ‘टॉप गिअर’ माहीत आहे तो २० ऑक्टोबर २००२ रोजी जन्मला. क्लार्कसन आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र, निर्माता अँडी विल्मन, या दोघांनी बीबीसीला नवी कल्पना विकली. सरे परगण्यातल्या डन्सफोल्ड धावपट्टीवर एक हँगर, त्यात उभे प्रेक्षक, बाहेर स्वतःची चाचणी-वाट, आणि साध्यासुध्या सुझुकी लियानामधून फेरी मारणारे नामवंत पाहुणे. सोबत रिचर्ड हॅमंड आणि वापरलेल्या गाड्यांचा जाणकार जेसन डॉ. डॉ एका मालिकेनंतर गेला, २००३ मध्ये जेम्स मे आला, आणि या बदलाची फारशी चर्चाही झाली नाही. त्रिकूट अजून जमलंच नव्हतं, मग मोडल्याचं दुःख कोणाला होणार?

आणि हेल्मेटमधला ‘स्टिग’! एक शब्दही न बोलणारा, चेहरा कधीच न दाखवणारा ड्रायव्हर. पहिला काळ्या पोशाखातला स्टिग म्हणजे पेरी मॅकार्थी. त्याची ओळख फुटल्यावर एचएमएस इन्व्हिन्सिबल या विमानवाहू नौकेवरून जॅग्वार समुद्रात गेल्याचं दाखवून त्याला ‘संपवलं’, आणि पुढे पांढऱ्या सूटमधला स्टिग आला. तो बेन कॉलिन्स आहे हे २०१० मध्ये त्याच्या आत्मचरित्रावरून झालेल्या कोर्टकचेरीनंतर उघड झालं. तो गेला, दुसरा आला, प्रेक्षकांना फरक पडला नाही. ‘टॉप गिअर’च्या लोकांनी नकळत असा एक गडी घडवला होता की जो कितीही वेळा बदलता येईल. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. ज्याला चेहरा नाही, आवाज नाही, मित्र नाहीत, त्याच्या जागी कोणीही चालतो. बाकीच्या तिघांचं नेमकं उलटं होतं.

कारण २००३ नंतर कार्यक्रमाचा विषय गाडी उरलाच नाही. गाड्या होत्या, भरपूर होत्या, पण लोक बघत होते तीन माणसांची संगत. भांडकुदळ आणि सगळं ठोकून काढणारा क्लार्कसन, उत्साही आणि चेष्टेचा धनी झालेला हॅमंड, सावकाश, नीटनेटका आणि ‘कॅप्टन स्लो’ म्हणून ओळखला जाणारा मे. २००७ मध्ये टोयोटा हायलक्स घेऊन ते चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या जागी गेले. त्याच वर्षी जुन्या गाड्या घेऊन बोट्स्वाना पार केला. एकाची गाडी बंद पडली तर बाकीचे दोघे हसत पुढे निघून जात, हा त्यांचा नियम. सप्टेंबर २००६ मध्ये जेट इंजिनाची गाडी ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास वेगाने पळवताना टायर फुटून हॅमंड मरता मरता वाचला, तेव्हा लोकांनी घरातल्या माणसाची करावी तशी काळजी केली. व्यवहाराची माहिती मिळत नाही, सामान्य माणसाच्या गाड्या दाखवत नाहीत, ही जुन्या प्रेक्षकांची तक्रार मात्र वर्षानुवर्षं चालूच राहिली. ती रास्तही होती, पण ऐकणारं कोणी नव्हतं. २०१२ मध्ये गिनेस बुकाने जगातला सर्वाधिक पाहिला जाणारा वास्तवदर्शी दूरचित्रवाणी कार्यक्रम म्हणून त्याची नोंद घेतली.

आपल्याकडेही केबलवर हे तिघे बघत गाड्यांची गोडी लागलेली एक पिढी आहे. २८ डिसेंबर २०११ ला भारतातला खास भाग दाखवला गेला. सुरुवात मुंबईतून: डबेवाल्यांपेक्षा गाडीने डबे लवकर पोचतात का, हे त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर करून पाहिलं. पुढे थेट हिमालयापर्यंत प्रवास. जॅग्वारच्या मागे संडासाचं भांडं बसवून ‘भारतात येणाऱ्यांसाठी सोय’ म्हणून मिरवण्याचा प्रकारही त्यातलाच, आणि त्यावर लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली. ती जॅग्वार कंपनी तेव्हा टाटांच्या मालकीची होऊन तीन वर्षं उलटली होती. तक्रार योग्यच होती असं माझं मत आहे, कारण त्या विनोदात भारताबद्दलचं कुतूहल कमी आणि हिणवणं जास्त होतं. पण ते बघूनही हे त्रिकूट आवडत राहिलेले आपल्याकडचे कितीतरी जण मला माहीत आहेत. मित्राचा आगाऊपणा आपण जसा खपवून घेतो, तसं काहीसं झालं होतं.

पुढे आगाऊपणा वाढत गेला. २०१४ मध्ये एकामागून एक वाद झाले आणि क्लार्कसनला बीबीसीने शेवटची ताकीद दिली. त्याच वर्षी अर्जेंटिनात, ब्रिटनशी १९८२ मध्ये झालेल्या फॉकलंड युद्धाची आठवण करून देणाऱ्या नंबरप्लेटवरून चित्रीकरण चमूला जमावाच्या भीतीने देश सोडावा लागला. मग मार्च २०१५ मधली यॉर्कशायरच्या हॉटेलातली रात्र. दिवसभराच्या चित्रीकरणानंतर गरम जेवण मिळालं नाही म्हणून क्लार्कसनने निर्मात्याला शिवीगाळ केली आणि मारलं. बीबीसीच्या चौकशीत ते सिद्ध झालं. क्लार्कसनने स्वतःच तो प्रकार वरिष्ठांना कळवला होता. २५ मार्चला महासंचालक टोनी हॉल यांनी त्याचा करार वाढवणार नसल्याचं जाहीर केलं. चाहत्यांच्या प्रेमाची काळी बाजू त्या दिवसांत दिसली. मार खाल्लेल्या निर्मात्यालाच ऑनलाइन शिव्या आणि धमक्या आल्या. हे कशानेही समर्थनीय नाही, आणि त्रिकुटावर प्रेम असलेल्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवायला हवं.

शेवटचा भाग २८ जून २०१५ ला लागला. तो ज्यांनी पाहिला त्यांना तो रिकामा स्टुडिओ आठवत असेल. प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, हॅमंड आणि मे दोघेच, आणि मागे उभा एक मोठा फायबरचा हत्ती. सगळ्यांना दिसतंय पण बोलायचं कोणी नाही, अशी ती गोष्ट. आधी चित्रित केलेल्या तुकड्यांत क्लार्कसन होता, स्टुडिओत नव्हता. इतकी वर्षं गर्दीने भरलेला तो हँगर तसा ओकाबोका बघताना, एक माणूस गेला की उरलेले दोघंही उरत नाहीत, हे आपोआप कळत होतं. त्या दोघांनी आणि विल्मननेही मग बीबीसी सोडली. जुलैअखेर बातमी आली की चौघेही ॲमेझॉनसाठी नवा कार्यक्रम करणार.

आता बीबीसीपुढे अवघड काम होतं. ख्रिस एव्हान्सचं नाव जाहीर झालं. रेडिओवरचा अतिशय लोकप्रिय माणूस, फेरारींचा खरा वेडा. पाठोपाठ मॅट लब्लांक, सबीने श्मिट्झ, एडी जॉर्डन, ख्रिस हॅरिस, रोरी रीड. मार्च २०१६ मध्ये लंडनच्या युद्धस्मारकाजवळ टायर जाळत गाडी फिरवल्याच्या चित्रीकरणावरून पहिला भाग लागण्याआधीच टीका झाली आणि एव्हान्सला माफी मागावी लागली. २९ मे रोजी पहिला भाग सुमारे ४४ लाख लोकांनी पाहिला, जुलैमधला शेवटचा जेमतेम १९ लाखांनी. दुसऱ्या दिवशी एव्हान्सने राजीनामा दिला.

तो ओरडून बोलतो, ही सर्वांत मोठी तक्रार होती, आणि खरंच तो ओरडायचा. पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं मला पटत नाही. बीबीसीने हँगर तोच ठेवला, स्टिग तोच, पाहुण्यांची फेरी तीच, विनोदाची वळणंही जवळपास तीच. दुसऱ्याचे कपडे घालून उभ्या राहिलेल्या माणसाची तुलना पहिल्याशी होणारच. शिवाय एकमेकांना धड न ओळखणाऱ्या सहा जणांकडून पहिल्याच दिवशी जुन्या मैत्रीची अपेक्षा ठेवली. हॅमंड आणि क्लार्कसन यांनाही सूर सापडायला मालिका खर्ची घालाव्या लागल्या होत्या. फक्त २००२ मध्ये त्यांच्याकडे इतकं रोखून कोणी बघत नव्हतं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या त्रिकुटाचा ॲमेझॉनवरचा ‘द ग्रँड टूर’ आला. पहिल्या भागाची सुरुवात अशी: पावसाळी लंडनमधून क्लार्कसन एकटाच निघतो, अमेरिकेत उतरतो, मस्टँग घेऊन वाळवंटाच्या रस्त्याला लागतो, आणि दोन्ही बाजूंनी दोन मस्टँग येऊन मिळतात, त्यात हॅमंड आणि मे. एक शब्द न बोलता सांगितलं, आम्ही तिघे आहोत. पण याच चाहत्यांनी याच त्रिकुटाच्या कार्यक्रमातल्या नव्या अमेरिकन ड्रायव्हरला नाकारलं, पाहुण्यांचा खेळ नाकारला, तंबूतला स्टुडिओही कंटाळवाणा ठरवला. तीन मालिकांनंतर तंबू गुंडाळला आणि फक्त प्रवासाचे खास भाग उरले, म्हणजे निव्वळ तिघांची संगत. प्रेक्षकांना काय हवं होतं ते इतकं स्वच्छ त्यांनी दुसऱ्या कुठेच सांगितलं नसेल.

तिकडे ‘टॉप गिअर’ लब्लांक, हॅरिस आणि रीड या तिघांवर आला आणि सावरला. लब्लांक सोडून जाणार म्हटल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये अँड्र्यू फ्लिंटॉफ आणि पॅडी मॅकगिनेस ही नावं पुढे आली आणि पुन्हा तोच सूर: एक क्रिकेटपटू, एक विनोदवीर, यांना गाड्यांतलं काय कळतं? फ्लिंटॉफला आपण वेगळ्या कारणाने ओळखतो. फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडेवर शेवटचा बळी घेऊन अंगातला शर्ट काढून पळणारा तोच, ज्याला गांगुलीने लॉर्ड्सवर उत्तर दिलं. तसाच बेधडकपणा त्याने इथे आणला. जानेवारी २०२० मध्ये लागलेल्या भागात स्वित्झर्लंडमधल्या धरणाच्या भिंतीवरून बंजीची दोरी बांधलेल्या गाडीत बसून त्याने खाली उडी घेतली. पण लोक जिंकले गेले ते अशा कसरतींनी नव्हे. हॅरिस हा अस्सल गाडीवाला, बाकीचे दोघे लँकेशायरचे, आणि वडिलांच्या जुन्या गाड्या चालवताना गहिवरून येणारी ही माणसं एकमेकांना खरोखर आवडत होती, ते पडद्यावर दिसत होतं. २०२० मध्ये कार्यक्रम बीबीसी वनवर गेला. ‘क्लार्कसनशिवाय बघणार नाही’ म्हणणारे बरेच जण परत आले.

१३ डिसेंबर २०२२ ला डन्सफोल्डवर तीनचाकी मॉर्गन चालवताना फ्लिंटॉफचा अपघात झाला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. चेहऱ्याला गंभीर इजा झाली. हॅरिसने नंतर सांगितलं की, असं काहीतरी होईल याची जाणीव त्याने काही महिने आधीच बीबीसीला दिली होती. चित्रीकरण थांबलं, नुकसानभरपाईचा समझोता झाला, आणि २१ नोव्हेंबर २०२३ रोजी बीबीसीने कार्यक्रम अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं. मासिक, परदेशी आवृत्त्या आणि नावाचे परवाने चालू राहतील, असंही त्यात होतं. फ्लिंटॉफ, हॅरिस आणि मॅकगिनेस यांच्यासोबत वेगळं काही करण्याची इच्छा बीबीसीने व्यक्त केली. नव्या सादरकर्त्यांची नावं मात्र या वेळी जाहीर झाली नाहीत.