गरोदरपणातील कोलेस्टेरॉल : अहवालातील ‘एच’ आणि खरे निदान

सवलतीच्या ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजांमुळे हल्ली गरोदर स्त्रियांच्या हातीही लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीचा, अहवाल येऊन पडतो. सातव्या-आठव्या महिन्यातील एखाद्या स्त्रीच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल २६५ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार) २८० असे आकडे ठळक छापलेले असतात, शेजारी ‘एच’ (‘हाय’, म्हणजे जास्त) हे अक्षर असते आणि पलीकडच्या रकान्यात ‘२०० पेक्षा कमी’, ‘१५० पेक्षा कमी’ अशा मर्यादा असतात. मग घरात धावपळ सुरू होते आणि त्या बाईच्या ताटातून तूप, शेंगदाणे, खोबरे सारेच हद्दपार होते. वास्तविक त्या रकान्यातील मर्यादा गरोदर नसलेल्या प्रौढांसाठी, पुढील आयुष्यातील हृदयविकाराचा धोका लक्षात घेऊन ठरवलेल्या आहेत. लॅबच्या संगणकाला रुग्णाचे वय आणि लिंग ठाऊक असते. तिला दिवस गेले आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

निरोगी गर्भारपणात पहिल्या काही आठवड्यांत हे आकडे किंचित उतरतात आणि नंतर चढू लागतात. प्रसूती जवळ येईपर्यंत एकूण कोलेस्टेरॉल साधारण २५ ते ५० टक्क्यांनी वाढते, तर ट्रायग्लिसराइड दुपटीपासून चौपटीपर्यंत जातात. त्यामुळे शेवटच्या तिमाहीत २५० किंवा ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतके ट्रायग्लिसराइड आढळणे हा आजार नव्हे. ही वाढ आहारातील चुकीमुळे होत नाही. शरीर ती मुद्दाम घडवून आणते, आणि ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

चरबी पाण्यात विरघळत नसल्यामुळे ती रक्तातून प्रथिनांच्या वेष्टणात, सूक्ष्म कणांच्या रूपाने प्रवास करते. यकृतात तयार होणाऱ्या अशा मोठ्या कणांना व्हीएलडीएल म्हणतात आणि त्यांत मुख्यतः ट्रायग्लिसराइड असतात. हे कण पेशींत जसेच्या तसे शिरू शकत नाहीत. केशवाहिन्यांच्या आतील भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते ट्रायग्लिसराइडचे तुकडे करून मेदाम्ले मोकळी करते आणि मग लगतची ऊती ती उचलते. म्हणजे रक्तातील चरबी कोणाच्या वाट्याला जायची, हे ते विकर कोणत्या ऊतीत जोरात काम करते आहे यावर ठरते. गर्भारपणाच्या पूर्वार्धात मांड्या-नितंबांवरच्या मेदऊतीत ते जोरात असते, इन्सुलिनही प्रभावी असते, आणि आईच्या अंगावर चरबीचा साठा होतो. पाचव्या महिन्यानंतर चित्र पालटते. वारेतून (प्लॅसेंटातून) स्रवणारे प्लॅसेंटल लॅक्टोजेन हे संप्रेरक वाढत जाते, आईचे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, मेदऊतीतील हे विकर मंदावते आणि साठवलेली चरबी उलट वितळून मेदाम्लांच्या रूपाने यकृताकडे जाऊ लागते. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली यकृत त्यांपासून अधिकाधिक व्हीएलडीएल बनवते. हे कण रक्तातून काढून घेण्याच्या कामी येणारे यकृताचे स्वतःचे लायपेज मात्र याच काळात सुस्तावते. आवक वाढली आणि उचल घटली, की रक्तातील ट्रायग्लिसराइड चढणारच.

यामागचे प्रयोजन असे, की आईच्या स्नायूंनी मेदाम्लांवर भागवावे आणि ग्लुकोज बाळासाठी शिल्लक राहावे. वार ट्रायग्लिसराइड अखंड स्वरूपात पलीकडे जाऊ देत नाही. आईच्या रक्ताला टेकलेल्या वारेच्या पृष्ठभागावर लायपोप्रोटीन लायपेज असते, ते ट्रायग्लिसराइडचे तुकडे करते आणि मेंदूच्या जडणघडणीला लागणाऱ्या डीएचएसारख्या मेदाम्लांना त्या वाटेने प्रवेश मिळतो. प्रसूतीच्या तोंडावर प्रोलॅक्टिनमुळे हेच विकर स्तनांमध्ये जोर धरते आणि रक्तातली चरबी दुधाकडे वळते. अंगावर पाजणाऱ्या मातांचे ट्रायग्लिसराइड बाळंतपणानंतर भराभर उतरतात, त्याचे एक कारण हे आहे.

कोलेस्टेरॉलचेही काम ठरलेले आहे. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन वार तयार करते ते प्रामुख्याने आईच्या एलडीएलमधील, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांमधील, कोलेस्टेरॉलपासून. जीवरसायनशास्त्रज्ञ कोनराड ब्लॉख यांनी १९४५ मध्ये जड हायड्रोजनची खूण असलेले कोलेस्टेरॉल एका गरोदर स्त्रीला देऊन, तीच खूण तिच्या लघवीतील प्रेग्नेनडायॉल या प्रोजेस्टेरॉनच्या अवशेषात दाखवून दिली होती. कोलेस्टेरॉलच्या घडणीवरील संशोधनासाठी त्यांना पुढे १९६४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या संदर्भात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत पुण्याच्याच केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून केलेल्या मातृपोषण अभ्यासाचा उल्लेख करायला हवा. तिथल्या मातांपैकी बहुतेक जणी सडसडीत, शेतात राबणाऱ्या होत्या. तरीही त्यांच्या रक्तातील ग्लुकोजप्रमाणेच कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड यांचाही नवजात बाळाच्या आकारमानाशी संबंध आढळला. बाळाचे वजन केवळ साखरेवर ठरत नाही, हे त्यातून पुढे आले.

‘नवव्या महिन्यात तूप प्यायले की बाळ सरकन बाहेर येते’ हा समज मात्र शरीररचनेला धरून नाही. प्यायलेले तूप आतड्यात पचते. त्याचा प्रसूतिमार्गाशी संबंध येत नाही. बेताचे तूप कोणाला वर्ज्य नाही, पण ज्या मोजक्या स्त्रियांना चरबीचा खराखुरा विकार आहे, त्यांच्या बाबतीत हा वाटीभर प्रेमळ आग्रह अंगाशी येऊ शकतो.

आता निदानाकडे वळू. अहवालातील एलडीएलचा आकडा अनेकदा मोजलेला नसून काढलेला असतो. १९७२ पासून रूढ असलेल्या फ्रीडवाल्ड सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (ज्याला ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करायचा. एकूण २९०, एचडीएल ६५ आणि ट्रायग्लिसराइड ३०० असतील, तर २९० वजा ६५ वजा ६०, म्हणजे १६५. पाचने भागण्यामागे असे गृहीत आहे, की व्हीएलडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण पाचास एक असते. गर्भारपणात एलडीएल आणि एचडीएलचे कणसुद्धा ट्रायग्लिसराइडने भरतात, त्यामुळे हे गृहीतक डळमळते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेल्यास तर सूत्र वापरूच नये, थेट मोजलेले एलडीएल किंवा एकूणातून केवळ एचडीएल वजा केलेला आकडा पाहावा. चाचणीसाठी गरोदर स्त्रीला बारा-चौदा तास उपाशी ठेवण्याचीही सहसा गरज नसते.

खऱ्या अर्थाने आजारी ठरणाऱ्या स्त्रिया दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलचा. हा दोष सुमारे २५० माणसांत एकाला असतो, आणि त्याचे निदान गर्भारपणातील आकड्यांवरून न करता आधीच्या अहवालांवरून करायचे असते. दिवस राहण्यापूर्वीच एलडीएल १९० च्या वर असणे, टाचेमागच्या जाड कंडरेत गाठी असणे, वडिलांना किंवा भावाला पन्नाशीच्या आतबाहेर हृदयविकाराचा झटका आलेला असणे, या त्याच्या खुणा आहेत. आधीचा अहवाल नसेल तर बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे थांबून पुन्हा तपासावे. तोवर शिक्का मारू नये. अशा स्त्रियांच्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या गर्भधारणेपूर्वी सहसा थांबवल्या जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या औषधांवरील सरसकट मनाईचा इशारा काढायला सांगितला खरा, परंतु बहुतेक रुग्णांनी गरोदरपणात त्या बंदच ठेवाव्यात, हा सल्ला कायम ठेवला.

दुसरा प्रकार विरळा, पण तातडीचा आहे. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेले की लक्ष ठेवावे लागते आणि हजाराच्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका उभा राहतो. लायपोप्रोटीन लायपेजच्या किंवा त्याच्या साहाय्यक प्रथिनांच्या जनुकांत दोष असलेल्या, किंवा मधुमेह ताब्यात नसलेल्या स्त्रीला गर्भारपणाची स्वाभाविक वाढ पेलवत नाही. थायरॉइड मंद असल्यासही चरबी वाढते, म्हणून त्याची तपासणी सोबत करावी. अशा स्त्रीच्या रक्ताची नळी यंत्रात वेगाने फिरवून घेतली, की वरचे पिवळसर रक्तद्रव दुधाळ दिसते, आणि नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तर त्यावर सायीचा थर धरू शकतो. ही साय जेवणातून आलेल्या चरबीच्या कणांची असते; खालचा द्रव गढूळच राहिला तर तो यकृताच्या व्हीएलडीएलमुळे. यंत्राने आकडा देण्यापूर्वीच अनुभवी तंत्रज्ञ ही नळी ओळखतो आणि डॉक्टरांना फोन करतो.

आठव्या-नवव्या महिन्यात पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीत जाणारी असह्य कळ आणि थांबता न थांबणाऱ्या उलट्या यांना ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडून देणे म्हणूनच धोक्याचे असते. त्यातही एक मेख आहे. दुधाळ रक्तात ॲमिलेज या स्वादुपिंडाच्या विकराची चाचणी बिघडते आणि आकडा खोटाच नॉर्मल येऊ शकतो. अशा वेळी स्वादुपिंडाचे लायपेज आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही मोजल्याशिवाय स्वादुपिंडदाह नाही असे म्हणता येत नाही. ज्या स्त्रीला एका बाळंतपणात हा त्रास झाला, तिचे ट्रायग्लिसराइड पुढच्या खेपेला दिवस राहण्यापूर्वीच तपासायचे असतात आणि नंतर दर तिमाहीत पुन्हा मोजायचे असतात.