लॅटिन मिस्सावाल्या सिस्टरांच्या मठात जायचंय? आधी मठ नीट निवडा, मग कागदपत्रं जमवा

2023 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात गॉवर नावाच्या छोट्या गावातल्या मठात सिस्टर विल्हेल्मिना यांचं पार्थिव जवळपास चार वर्षांनी बाहेर काढलं आणि ते फारसं न कुजता राहिलेलं दिसलं, ते व्हिडिओ आपल्याकडेही बऱ्याच जणींनी पाहिले. त्यातून काही मुलींना पहिल्यांदाच कळलं की अजूनही असे मठ आहेत जिथे रोजची मिस्सा, म्हणजे वेदीवरचा मुख्य उपासनाविधी, जुन्या लॅटिन विधीने होते, सिस्टर पूर्ण झगा घालतात आणि दिवसभरातल्या प्रार्थना ग्रेगोरियन चालीत गातात. मग प्रश्न सुरू होतात, आपण अर्ज करू शकतो का, वय किती लागतं, कागद कुठले, व्हिसा कुठला. मराठीत हे एका जागी सापडत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लॅटिन मिस्सा बघून मठ निवडू नका, मठाचा दिवस बघून निवडा. कार्मेल (कार्मेलाइट सिस्टरांचा मठ), बेनेडिक्टाइन आणि शिकवणाऱ्या डोमिनिकन सिस्टर, तिन्हीकडे वेदीवर जुनी मिस्सा असू शकते पण आयुष्यं पूर्ण वेगळी. कार्मेलमध्ये जाळीच्या आत, म्हणजे मठाबाहेर न पडता राहायचं, दिवसात दोन तास मौन ध्यान, आणि संत तेरेजाच्या परंपरेप्रमाणे एका मठात जास्तीत जास्त 21 जणी. बेनेडिक्टाइनांकडे दिवसाचा मोठा भाग गायनात आणि हाताच्या कामात जातो, शेती, शिवणकाम, पाहुण्यांची सोय. ज्या मुलीला पोरांना शिकवायला आवडतं तिने फक्त लॅटिनसाठी कार्मेलमध्ये जाऊ नये. तुमचं पाचारण कशाचं आहे ते आधी आपल्या कन्फेसरशी, म्हणजे ज्या फादरांकडे कन्फेशन करता त्यांच्याशी, बोलून घ्या, खरंच घ्या, ही पायरी ओलांडून थेट ईमेल पाठवणाऱ्या मुली खूप आहेत.

आता कुठे कुठे आहेत. भारतात सिस्टरांच्या जवळपास सगळ्या संस्था दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा नवा विधी आणि इंग्रजी किंवा स्थानिक भाषा वापरतात, त्यामुळे शोध बहुतेक परदेशातच जातो. गॉवरच्या बेनेडिक्टाइन्स ऑफ मेरी, क्वीन ऑफ अपॉसल्स या 1995 मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झाल्या आणि 2006 मध्ये बिशपांच्या आमंत्रणावरून मिझुरीला आल्या, धर्मगुरूंची मिस्साची वस्त्रं शिवणं हे त्यांचं मोठं काम, त्यांच्या गायनाचे अल्बमही खूप गाजले. नेब्रास्कात वॅल्परायझोला जुन्या विधीचं कार्मेल आहे, मुली इतक्या आल्या की तिथून दुसरीकडे नवे मठ काढावे लागले. फ्रान्सच्या दक्षिणेला ल बारू गावात बेनेडिक्टाइन सिस्टरांचा नोत्र-दाम द लानाँसियासियाँ हा मठ आहे, 1979 मध्ये स्थापन झालेला. इटलीत फ्लोरेन्सजवळ इन्स्टिट्यूट ऑफ क्राइस्ट द किंगशी जोडलेल्या सिस्टर अॅडोरर्स आहेत, त्यांची सुरुवात 2001 ची, संत फ्रान्सिस द सालच्या वळणाची साधना, आणि या जाळीच्या आतल्या नाहीत, त्यांची घरं वेगवेगळ्या देशांत आहेत.

शोधताना गोंधळ इथे होतो की सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात टाकलं जातं, प्रत्यक्षात तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार वर सांगितलेला, मिस्साची 1962 ची जुनी पुस्तकं आणि रोमची मान्यता. दुसरा प्रकार म्हणजे मिस्सा नवीनच पण लॅटिनमध्ये आणि ग्रेगोरियन गायनासकट, उदाहरणार्थ इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावरचा राइडचा सेंट सिसिलिया मठ, जो फ्रान्सच्या सोलेम परंपरेतला आहे. ज्यांना मुळात गायन आणि लॅटिन ओढतं त्यांना हा प्रकार अगदी मनासारखा वाटू शकतो आणि व्हॅटिकनच्या नियमांचा ताणही तिथे येत नाही, माझ्या मते याकडे मुली उगाच दुर्लक्ष करतात. तिसरा प्रकार सोसायटी ऑफ सेंट पायस टेन्थ या जुन्या मिस्सावर ठाम असलेल्या धर्मगुरूंच्या संघटनेशी जोडलेल्या सिस्टरांचा. त्यांचं भारतातही केंद्र आहे, तामिळनाडूत पालायमकोट्टईला, पण या सोसायटीचं चर्चमधलं कायदेशीर स्थान नियमित नाही. तिथे घेतलेल्या व्रतांना चर्चच्या कायद्यात काय दर्जा, हा प्रश्न आपल्या बिशप हाउसला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मठ नेमका कुठल्या प्रकारातला हे ओळखायला एक सोपा प्रश्न आहे, तुम्ही प्राइम म्हणता का? प्राइम ही सकाळची छोटी प्रार्थना, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती काढली, त्यामुळे जिथे मॅटिन्स, लॉड्स, प्राइम, टर्स, सेक्स्ट, नोन, व्हेस्पर्स, कम्प्लिन असा पूर्ण क्रम चालतो तिथे सहसा जुनं प्रार्थनापुस्तक आहे. दुसरा प्रश्न, जुन्या मिस्साची परवानगी कुणाची आणि लेखी आहे का. 2007 मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी सुम्मोरुम पॉन्तिफिकुम काढून मोकळीक दिली होती, 16 जुलै 2021 ला पोप फ्रान्सिस यांच्या त्रादिसियोनिस कुस्तोदेस पत्राने ती मोकळीक गेली आणि अशा संस्था व्हॅटिकनच्या संन्यस्त जीवनाच्या खात्याकडे आल्या. म्हणून एखादा अगदी नवा गट, चार-पाच बायका, सुंदर झगे, छान वेबसाइट, पण बिशपांचं पत्र दाखवता येत नाही, तर तिथे थांबा. मठ चर्चमध्ये मान्य आहे का हे त्या भागातल्या डायोसिसच्या (बिशपांच्या धर्मप्रांताच्या) ऑफिसला ईमेल करून विचारता येतं, त्यात संकोच कसला.

पात्रता

इथे कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, स्पष्ट आहे. नॉव्हिशिएटला (व्रतांआधीच्या प्रशिक्षणाला) 17 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय घेता येत नाही, घेतलं तर ते वैधच ठरत नाही. लग्न झालेलं असेल आणि नवरा हयात असेल तर नाही, चर्चने विवाह अवैध ठरवल्याचा निकाल हातात असेल तर गोष्ट वेगळी, नुसता कोर्टाचा घटस्फोट चालत नाही. विधवा येऊ शकते. कुणी जबरदस्ती केली, भीती दाखवली किंवा फसवलं म्हणून आलेली मुलगी चालत नाही, आणि आधी कुठल्या संस्थेत व्रतं घेतली होती हे लपवलं तर प्रवेशच रद्द. कर्ज डोक्यावर असेल आणि फेडता येत नसेल तर घ्यायला मनाई आहे, म्हणजे एज्युकेशन लोन असेल तर आधी ते मिटवा, बाबांच्या नावावर असलं आणि हप्ते तुमच्या पगारातून जात असले तरी मठाला पहिल्याच पत्रात सांगा. वरच्या वयाची मर्यादा कायद्यात नाही, प्रत्येक मठ आपली ठरवतो, बहुतेक ठिकाणी 30-35 च्या आसपास, त्याहून मोठ्या असाल तरी विचारायला हरकत नाही. लॅटिन आधी यायला लागत नाही, ते आत शिकवतात, पण त्या मठात बोलली जाणारी भाषा यावीच लागते, ल बारूला जायचं तर फ्रेंच, आणि नुसतं अॅपवरचं फ्रेंच नाही, कन्फेशन करता येईल एवढं.

अर्ज कसा होतो

छापील फॉर्म भरून सबमिट असं सुरुवातीला काही नसतं. आधी पत्र, मठाच्या मदरना किंवा व्होकेशन डायरेक्ट्रेसना, काही बंद मठ अजूनही पोस्टाचं पत्रच घेतात. दोन पानं पुरेत, कुटुंब, शिक्षण, नोकरी, प्रार्थनेचं आयुष्य, तब्येत, आणि हाच मठ का. कॉपी-पेस्ट करून दहा मठांना एकच मजकूर पाठवला तर त्यांना लगेच कळतं. मग काही महिने पत्रव्यवहार, व्हिडिओ कॉल, त्यानंतर भेटीचं बोलावणं. आठ-पंधरा दिवस त्यांच्यात राहायचं, त्यांच्याबरोबर उठायचं, जेवायचं, भांडी घासायची. या भेटीचा खर्च मोठा आहे मान्य, पण ती टाळू नका, फोटोत फक्त वेदी दिसते, पहाटेची थंडी आणि दिवसभराचं मौन तिथे गेल्यावरच कळतं. भेटीनंतर दोन्हीकडून होकार आला की खरा फॉर्म येतो आणि कागदपत्रं सुरू होतात.

चर्चचे कागद तीन मुख्य, स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला, दृढीकरणाचा दाखला आणि अविवाहित असल्याचं पत्र. स्नानसंस्काराचा दाखला म्हणजे आईने कपाटात ठेवलेला लहानपणचा चालत नाही, नवीन काढायचा, साधारण सहा महिन्यांच्या आतला. कारण चर्चच्या रजिस्टरमध्ये तुमच्या नावासमोरच्या मार्जिनमध्ये पुढे झालेलं सगळं नोंदवतात, दृढीकरण, लग्न, व्रतं, आणि नवा दाखला त्या मार्जिनसकट येतो, काही नोंद नसेल तर तसं लिहून येतो. ऑफिसमध्ये सांगा की मार्जिनच्या नोंदीसकट हवा, नाहीतर साधा देतात आणि मठाकडून परत येतो. दृढीकरण दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) झालं असेल तर तिथे वेगळं जावं लागतं. आईवडिलांच्या लग्नाचा दाखलाही बरेच मठ मागतात. फादरांचं शिफारसपत्र बहुतेक वेळा ते थेट मठाला पाठवतात, तुमच्या हातात देत नाहीत, त्यात वाईट वाटून घेऊ नका. आधी दुसऱ्या मठात किंवा कॉन्व्हेंटमध्ये राहून बाहेर पडला असाल तर तिथल्या सुपिरियरचं पत्र लागतंच. हे सगळे कागद परदेशात जाणार म्हणून बिशप हाउसच्या चॅन्सलरचा शिक्का घ्या.

नावाचा घोळ आपल्याकडे फार. रजिस्टरमध्ये एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग तिसरं, कुठे डिसोजा कुठे डिसोझा, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे स्नानसंस्काराचं. पासपोर्टवर आहे ते नाव प्रमाण धरा, बाकीच्यांसाठी ही व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या, आणि हे काम सगळ्यात आधी काढा.

सरकारी कागदांत जन्मदाखला, शिक्षणाची सर्टिफिकेटं, पासपोर्ट सेवेतून मिळणारं पोलीस क्लिअरन्स. यातल्या ज्यांना अपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणूनचा शिक्का) मागतील त्यांचं जन्मदाखला आणि सर्टिफिकेटांच्या बाबतीत आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, अधिकृत एजन्सीमार्फत. मेडिकल रिपोर्ट, दातांची तपासणी, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी सायकॉलॉजिकल टेस्ट. त्या टेस्टला घाबरायचं कारण नाही, तब्येत आणि स्वभावाची परिपक्वता तपासायला कॅनन लॉच सांगतो, फक्त जुनं आजारपण किंवा डिप्रेशनची औषधं लपवू नका.

व्हिसाचं थोडक्यात. भेटीसाठी फ्रान्स-इटलीला शेंगेन, 180 दिवसांत 90 दिवस. अमेरिकेला बी व्हिसा. पण व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथेच मठात राहून जायचं हे करायचं नाही, पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. कायमचं जाताना अमेरिकेत धार्मिक कामासाठी आर-1 असतो, त्याची पिटिशन मठ भरतो, आधीची दोन वर्षं चर्चचं सदस्यत्व दाखवावं लागतं, एका वेळी 30 महिन्यांपर्यंत आणि एकूण 5 वर्षं. तुमच्या पायरीला तो लागू होतो का हे मठाच्या वकिलालाच विचारायचं. इंग्लंडमध्ये रिलिजस वर्कर व्हिसा 24 महिन्यांपर्यंत, मठाकडे स्पॉन्सर लायसन्स लागतं, आणि भारतातून जाणाऱ्यांना टीबी टेस्ट. मठाने याआधी परदेशी मुलगी घेतली आहे का हे पहिल्या दोन-तीन पत्रांतच विचारून टाका, घेतली नसेल तर वेळ दुप्पट धरा.

आत गेल्यावर किती वर्षं? चिंतनशील मठांसाठी व्हॅटिकनच्या 2018 च्या कोर ओरान्स नियमांनी अॅस्पिरंट (इच्छुक) म्हणून किमान एक वर्ष, पोस्ट्युलंट (उमेदवार) किमान एक वर्ष, नॉव्हिशिएट दोन वर्षं, तात्पुरती व्रतं पाच वर्षं असा क्रम लावला, एकूण किमान नऊ वर्षं. सिस्टर अॅडोरर्ससारख्या ठिकाणी सर्वसाधारण कायदा, म्हणजे कमीत कमी बारा महिने नॉव्हिशिएट आणि मग निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं. अखेरच्या व्रतांना वय 21 पूर्ण लागतं. नॉव्हिस कधीही घरी परतू शकते, तो तिचा हक्क आहे, आणि मठही तिला परत पाठवू शकतो. आईवडिलांना हे समजावून सांगा, त्यांची निम्मी भीती यातून जाते.

मालमत्तेचं मात्र बारकाईने वाचा, कारण वाडी आणि घराच्या वाटण्यांत इथेच घाई होते. मुलगी मठात चालली म्हटलं की घरातलंच कुणीतरी म्हणतं, जाण्याआधी हक्कसोडपत्रावर सही करून जा. अशी सही आता करू नका. पहिल्या व्रतांआधी कॅनन लॉ फक्त एवढंच मागतो की आपल्या मालमत्तेचा कारभार कुणाकडे तरी सोपवावा, मालकी तुमचीच राहते. देशाच्या कायद्यात टिकेल असं मृत्युपत्र निदान अखेरच्या व्रतांआधी करायचं, आपल्याकडे त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. जिथे मालकीही पूर्ण सोडायची असते तिथेही ती अखेरच्या व्रतांच्या वेळी सोडायची असते, म्हणजे वर्षानुवर्षं हातात आहेत. सातबाऱ्यावर नाव असेल तर ते तसंच राहू दे, बँक खातं चालू ठेवा, आधारला लिंक केलेला मोबाईल नंबर घरच्या कुणाकडे सुरू राहील असं बघा, आणि डिग्रीची ओरिजिनल घरीच ठेवून मठाला अटेस्टेड कॉपी द्या.