चालू मशीनला रॅम देणं सोपं, परत घेणं का कठीण?

डिसेंबरात गोव्यात गर्दी सुरू झाली की हॉटेल बुकिंगवाल्यांच्या सर्व्हरवर लोड चढतो, आणि सर्व्हर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेलं मशीन, असेल तर ॲडमिन ते बंद न करताच आणखी ३२ जीबी रॅम देऊन टाकतो, बुकिंग चालूच राहतं. जानेवारीत तीच रॅम काढायला गेलं की मात्र कितीतरी वेळा मशीन सरळ नाही म्हणतं, भरपूर मेमरी रिकामी दिसत असतानाही. पणजी-मडगावात सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरांनी हे पाहिलेलं असतं, पण कारण त्यांना सहसा कोणी नीट सांगत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना हे लवकर सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीकडे कसं बघतो ते यातूनच कळतं.

आधी देण्याचं बघू, लिनक्स धरून. नवीन रॅम आली हे कर्नलला बहुतेक वेळा एसीपीआयमार्फत, म्हणजे हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातल्या ठरलेल्या बोलीतून, कळतं. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट मशीनवर कर्नल ती १२८ एमबीच्या तुकड्यांत मोजतो आणि आतल्या प्रत्येक ४ केबीच्या पेजसाठी (मेमरीच्या हिशेबाचा छोटा घटक) एक नोंद तयार करतो, साधारण ६४ बाइटची. हिशेब करा, ३२ जीबी म्हणजे ८० लाखांहून जास्त पेजेस, त्यांच्या नुसत्या नोंदींनाच ५१२ एमबी लागते, आणि ही जागा जुन्या रॅममधूनच जाते, म्हणून छोट्या मशीनला एकदम भरपूर रॅम द्यायला गेलं तर ती यायच्या आधीच मेमरी संपू शकते! नव्या कर्नलांत या नोंदी नव्या रॅममध्येच ठेवायची सोय आहे.

मग येतो डायरेक्ट मॅप. कर्नल आपल्या ॲड्रेसांमध्ये सगळ्या फिजिकल रॅमचा एक सलग नकाशा ठेवतो, फिजिकल ॲड्रेसमध्ये एक ठरलेला आकडा मिळवला की कर्नलचा ॲड्रेस मिळाला, इतकं सरळ. नव्या रॅमसाठी या नकाशाच्या पेज टेबलात, म्हणजे कुठला ॲड्रेस कुठल्या फिजिकल जागेवर जातो त्या तक्त्यात, नोंदी भरायच्या, जमेल तिथे २ एमबी किंवा १ जीबीच्या मोठ्या पेजेस वापरून. एवढं होऊनही रॅम वापरात येत नाही, तो तुकडा ऑनलाइन, म्हणजे वापराला खुला, केला की मगच त्यातली पेजेस वाटपाला मिळतात. म्हणून कधीकधी रॅम दिली तरी मेमरी किती आहे ते दाखवणाऱ्या फ्री (free) कमांडमध्ये दिसत नाही आणि लोक हायपरवायझरला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दोष देत बसतात.

आता काढणं. एखाद्या प्रोग्रॅमचं पेज हलवणं कर्नलला जमतं, कारण प्रोग्रॅम आपल्या पेज टेबलातून जातो, डेटा दुसरीकडे कॉपी करायचा, टेबलातली नोंद बदलायची, प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. पण कर्नलचा स्वतःचा डेटा डायरेक्ट मॅपमधून वापरला जातो, तिथे फिजिकल जागा बदलली की ॲड्रेसही बदलला, आणि तो जुना ॲड्रेस कर्नलभर कुठकुठल्या पॉइंटरांत (ॲड्रेस साठवणाऱ्या व्हेरिएबलांत) लिहून ठेवलाय ते शोधायचा मार्गच नाही. चवथीला जुन्या घरात पाहुणे भरले की त्यांना या खोलीतून त्या खोलीत पाठवता येतं, पण रांधपाच्या खोलीत जमिनीत पुरलेला वाटायचा दगडी रगडा हलत नाही, तसंच हे, असं एक ४ केबीचं पेज आत असलं तरी अख्खा १२८ एमबीचा तुकडा अडकतो. विंडोज सर्व्हर २००३ च्या एंटरप्राइझ आवृत्तीतही चालू मशीनमध्ये रॅम घालता यायची, काढता यायची नाही.

उपाय म्हणजे रॅम ऑनलाइन करतानाच ती मूव्हेबल झोनमध्ये, म्हणजे हलवता येणाऱ्या पेजेससाठी राखलेल्या भागात, घालायची, तिथे कर्नल आपला न हलणारा डेटा ठेवत नाही. पण सगळीच रॅम तशी केली तर पेज टेबलं आणि बाकीचा कर्नलचा डेटा ठेवायला साधी मेमरी पुरत नाही, आणि गिगाबाइट रिकामे असूनही मशीन मेमरी संपली म्हणून ओरडतं, त्यामुळे प्रमाण सांभाळायलाच लागतं. व्हर्च्युअल मशीनसाठी २०२० मध्ये लिनक्स ५.८ मध्ये व्हर्टिओ-मेम ही व्हर्च्युअल मशीनची रॅम कमी-जास्त करायची सोय आली, डेव्हिड हिल्डेनब्रँड यांचं काम, ती १२८ एमबीपेक्षा बरेच लहान तुकडे परत करू शकते, मला तरी हा रस्ता जास्त पटतो.

तुकडा रिकामा झाला तरी काम बाकीच असतं. डायरेक्ट मॅपमधल्या नोंदी पुसायच्या, पण प्रत्येक सीपीयूने जुने ॲड्रेस आपल्या टीएलबीत, म्हणजे पेज टेबलातल्या अलीकडे वापरलेल्या नोंदींच्या छोट्या साठ्यात, साठवून ठेवलेले असतात, ते सगळीकडचे पुसून झाल्याशिवाय पेज टेबलांची जागा दुसऱ्या कोणाला देता येत नाही, नाहीतर एखादा सीपीयू जुन्या वाटेने भलत्याच डेटावर जाऊन लिहील. ते झालं की त्या ६४ बाइटच्या नोंदी मोडायच्या, आणि मगच हायपरवायझरला सांगायचं की आता घेऊन जा.