दाहशामक औषधे आणि अल्झायमर

इब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, इंडोमेथॅसिन यांसारखी बिगर-स्टेरॉइड दाहशामक औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास अल्झायमर टळतो किंवा लांबतो, अशी गृहीतकल्पना. निरीक्षणांनी तिला भक्कम आधार दिला, नियंत्रित चाचण्यांनी तो काढून घेतला.

१९८० च्या दशकात कॅनडातील व्हँकुव्हर येथे पॅट्रिक व इडिथ मॅकगीर या दांपत्याला अल्झायमरने दगावलेल्यांच्या मेंदूत मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील संरक्षक पेशी, चेतवलेल्या अवस्थेत आढळल्या. मेंदूत दाह असेल, तर दाहशामक गोळ्या नित्य घेणाऱ्यांना हा आजार कमी व्हायला हवा. त्यांनी संधिवाताच्या रुग्णांची माहिती तपासली. १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात अशा रुग्णांत अल्झायमर अपेक्षेपेक्षा बराच कमी असल्याचे नोंदवले. १९९३ मध्ये जोसेफ रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी ४४ रुग्णांवर इंडोमेथॅसिनची सहा महिन्यांची चाचणी केली. औषध घेणाऱ्यांची स्मृती जवळपास स्थिर राहिली, पण अनेकांना पोटाच्या त्रासामुळे ते सोडावे लागले. इतक्या लहान चाचणीवर त्या काळी जरा जास्तच भिस्त ठेवली गेली.

सर्वांत वजनदार पुरावा नेदरलँड्समधून आला. रॉटरडॅम अभ्यासात ५५ वर्षांवरील ६,९८९ जणांचा सरासरी ६.८ वर्षे पाठपुरावा झाला. कोणी कोणते औषध किती काळ घेतले, हे रुग्णाच्या आठवणीवर न सोडता औषधदुकानांच्या संगणकीय नोंदींतून घेतले होते. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात या काळजीचे मोल मोठे आहे. २००१ मधील निष्कर्षानुसार दोन वर्षांहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांत अल्झायमरची जोखीम ८० टक्क्यांनी कमी होती. महिनाभर घेणाऱ्यांत फरक जवळपास नव्हता.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘अडॅप्ट’ चाचणी सुरू झाली. घराण्यात स्मृतिभ्रंश असलेले, सत्तरी गाठलेले सुमारे २,५०० निरोगी स्त्रीपुरुष तीत होते. काहींना नॅप्रॉक्सेन, काहींना सेलेकॉक्सिब, तर काहींना औषध नसलेली गोळी दिली गेली. सप्टेंबर २००४ मध्ये हृदयविकाराच्या जोखमीमुळे सेलेकॉक्सिबच्याच वर्गातील रोफेकॉक्सिब हे औषध बाजारातून मागे घेतले गेले, डिसेंबरमध्ये सेलेकॉक्सिबबद्दलही तशीच माहिती आली आणि ‘अडॅप्ट’मधील औषधे थांबवण्यात आली. जमलेल्या माहितीत संरक्षण कुठेच दिसले नाही. आजार जडलेल्यांत रोफेकॉक्सिब व नॅप्रॉक्सेन आधीच, २००३ मध्ये, निष्प्रभ ठरले होते. ‘ॲस्प्री’ चाचणीत १९ हजारांवर वृद्धांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा औषध नसलेली गोळी दिली. ॲस्पिरिनमुळे स्मृतिभ्रंश घटला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

निरीक्षणे आणि चाचण्या यांत एवढी तफावत का? एक शक्यता अशी, की स्मृती ढासळू लागलेला माणूस दुखणे कमी सांगतो, डॉक्टरांकडे कमी जातो. मग औषध न घेणाऱ्यांत भावी रुग्ण आपोआपच जास्त भरतात. दुसरे स्पष्टीकरण वेळेचे. मेंदूत अमिलॉइड हे या आजाराशी जोडलेले प्रथिन साचायला लक्षणांच्या दहा-पंधरा वर्षे आधीच सुरुवात होते, त्यामुळे सत्तरीत दिलेली गोळी उशिराची ठरते. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो तपासायला वीसेक वर्षांची चाचणी लागेल. माँट्रियल येथे अल्झायमरचा कौटुंबिक इतिहास असलेल्या १९५ निरोगी व्यक्तींवर नॅप्रॉक्सेनची दोन वर्षांची चाचणी झाली; २०१९ मध्ये तिचाही निकाल नकारात्मक आला.

अधिक मूलगामी आक्षेप जनुकशास्त्रातून आला. मायक्रोग्लियातील ट्रेम२ या जनुकाचे एक दुर्मीळ रूप अल्झायमरची जोखीम बरीच वाढवते, असे २०१३ मध्ये दिसले. त्या रूपामुळे या पेशींचे साफसफाईचे काम मंदावते. म्हणजे मायक्रोग्लियाची हालचाल सरसकट दाबणे अपायकारकही ठरू शकते. संशोधनाचा रोख म्हणूनच दाह शमवण्यावरून या पेशींचे कार्य सुधारण्याकडे वळला आहे.

पार्किन्सन आजारात इब्युप्रोफेन घेणाऱ्यांत जोखीम कमी असल्याची निरीक्षणे आहेत, पण ती चाचणीने सिद्ध झालेली नाहीत. दीर्घकाळ घेतल्यास या औषधांमुळे जठरव्रण, मूत्रपिंडाची हानी आणि हृदयविकार संभवतात. स्मृती टिकावी म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेण्याला आज कोणताही वैद्यकीय आधार नाही.